ज्या मुलाखतीला आपण खरोखर जाणार आहोत

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

परीक्षा झाल्या आहेत, निकाल लागायचे आहेत. या मधल्या दिवसांत घराघरांत एकच विषय चालतो: पोराचं पुढं काय, पोरीचं पुढं काय. आज त्यावरच बोलायला उभा आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं माणसं निवडण्यात गेली. टेबलाच्या पलीकडे बसून मी आपल्याच तालुक्यातली, आपल्याच बोलीत बोलणारी मुलं पाहिली आहेत. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आपल्याकडं ‘मुलाखतीची तयारी’ म्हटलं की डोळ्यांपुढं लोकसेवा आयोगाची मुलाखत येते. पाच जणांचं पॅनल, इस्त्रीचा शर्ट, जिल्हाधिकारी झालात तर काय कराल, असले प्रश्न. त्या मुलाखतीचे व्हिडिओ मुलं रात्र रात्र बघतात. आता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे बघा. अर्ज दहा लाखांवर आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२४. मुलाखतीला बोलावलं २,८५५ जणांना आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे त्या खोलीचं दार ज्यांना उघडलं ते तीन हजारसुद्धा नाहीत.

बाकीच्या सरकारी नोकऱ्यांचं काय? केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या, म्हणजे गट ब अराजपत्रित आणि गट क पदांच्या मुलाखती बंदच केल्या. आपल्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. तोंडी काही नाही. २०२४ च्या त्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. त्याआधी २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते.

मी स्पर्धा परीक्षेच्या विरोधात नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत आहे, नगरला लष्कराची मोठी केंद्रं आहेत, रेल्वे तर आपल्या गावावरून जाते. वर्दीचं आकर्षण इथं हवेतच आहे आणि त्यात वाईट काही नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण ज्या मुलाखतीची तयारी करतो तिथं आपल्यातले फार थोडे जाणार आहेत, आणि ज्या मुलाखती आपल्या वाट्याला हमखास येणार आहेत त्यांची तयारी आपण अजिबात करत नाही. त्या मुलाखती होतात रांजणगावला, कुरकुंभला, सुप्याला, चाकणला. साखर कारखान्याच्या ऑफिसात, दूध संघात, पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेत. कुठं पंधरा मिनिटांत उरकतात, कुठं उभ्या उभ्या. त्या पंधरा मिनिटांवर पुढची पाच-दहा वर्षं ठरतात.

हे असं का झालं? त्याचं एक कारण आपण घरात बोलतो, स्टेजवर बोलत नाही. लग्न. मुलगा शेती करतो म्हटलं की स्थळ पुढं सरकत नाही. कंपनीत आहे म्हटलं की ‘परमनंट आहे का?’ विचारतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. पेपरात फोटो बघून लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या मुलांचं दुःख खरं आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की पोरगा तिशीपर्यंत ‘तयारी करतोय’ या एका शब्दावर थांबून राहतो. ‘काही करत नाही’ म्हणण्यापेक्षा ते बरं दिसतं. आई-बापांनो, या बाबतीत पोरांना दोष देण्याआधी आपण मुलीकडचे होतो तेव्हा काय विचारतो, ते आठवा.

आता निवडीबद्दल. व्यवसाय मार्गदर्शन ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थानं १९०८ साली त्यासाठी एक कचेरी उघडली. ती श्रीमंतांच्या मुलांसाठी नव्हती. बाहेरून शहरात आलेल्या, कष्टकरी वस्तीतल्या तरुण मुलामुलींसाठी होती. पार्सन्स स्वतः आधी इंजिनिअर, मग शिक्षक, मग वकील असं सगळं करून आलेला. त्याच वर्षी तो वारला. त्याचं या विषयावरचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. त्याचं सांगणं थोडक्यात असं: आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामाची खरी माहिती काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून विचार करा. शंभर वर्षांनी आपण काय करतो? पहिलं आपल्या दहावीच्या मुलांसाठी २०१६ च्या सुमारास कल चाचणीतून करून पाहिलं. दुसरं मात्र आपण करतच नाही. मेकॅनिकलला ॲडमिशन घेणाऱ्या मुलानं लेथ मशीन जवळून पाहिलेलं नसतं. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला रात्रपाळी कशी असते हे कुणी सांगितलेलं नसतं. फी किती, हॉस्टेल आहे का, एवढं विचारून आपण चार वर्षांचा निर्णय घेतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले. तिथं कळलं की डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी रंग सोडले, पण रेखाटनाचा हात सोडला नाही. यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि पुढं मुंबईतल्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथं बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावातल्या आपल्या सायकलींच्या दुकानाकडं वळले. मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळं सुरुवातीला नांगर विकता विकले जात नव्हते. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहिला. लोक या गोष्टीतून जिद्द शिकवतात. मला त्यात दुसरं दिसतं. एक दार बंद झाल्यावर ते पार उलट्या दिशेला गेले नाहीत. आपल्या हातात नेमकं काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि तेवढंच घेऊन शेजारच्या दारानं आत शिरले. बारावीला गणितात कमी पडलेल्या, नीटला मार्क न मिळालेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. डॉक्टर होता आलं नाही म्हणजे दवाखाना संपला असं नाही. तिथं लॅब आहे, एक्स-रे आहे, औषधं आहेत, हिशेब आहे.

काम जवळून बघायचा आणखी एक रस्ता सरकारनं करून ठेवला आहे, तो आपण वापरत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना त्याखाली शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतनही द्यावं लागतं. आयटीआय झालेल्यांनाच नाही, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांनाही ही सोय आहे. एक वर्ष कारखान्यात काढलेला मुलगा मुलाखतीला बसला की दोन वाक्यांत ओळखू येतो.

आता त्या पंधरा मिनिटांकडं वळू. तुम्ही काष्टीची माणसं. शनिवारचा जनावरांचा बाजार तुम्ही लहानपणापासून बघता. जाणता शेतकरी बैल घेतो तेव्हा काय करतो? शिंगांचा रंग आणि गळ्यातली माळ बघून तो पैसे मोजत नाही. तोंड उघडून दात बघतो, आदत आहे का दोनदाती. चालवून बघतो, खुरं बघतो, अंगावर हात फिरवतो, मालकाला विचारतो, जुपलाय का, काही खोड आहे का. आणि जमलं तर गाडीला जुंपूनच बघतो. चांगला मुलाखत घेणारा नेमकं हेच करतो. निवडीच्या पद्धतींवर शमिट आणि हंटर या दोन संशोधकांनी ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा १९९८ मध्ये मांडला. त्यात मोकळ्याढाकळ्या गप्पांपेक्षा प्रत्यक्ष काम करून घेणं आणि सगळ्यांना ठरवून सारखे प्रश्न विचारणं, यांतून माणूस जास्त बरोबर ओळखता येतो असं दिसलं. टाय आणि पाठ केलेली इंग्रजी ओळख म्हणजे शिंगांचा रंग. तुम्ही काय केलंय, हे खरं.

आणि इथंच आपली मुलं कमी पडतात. केलेलं नसतं म्हणून नाही. केलेलं सांगत नाहीत म्हणून. एक मुलगा आठवतो. अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात क्वालिटी विभागात जागा होती. विचारलं, अनुभव काय? ‘काही नाही सर, फ्रेशर आहे.’ बायोडाटावर वडिलांपुढं ‘शेती’ एवढंच. सहज विचारलं, घरी जनावरं आहेत? आहेत, म्हणाला, सकाळचं दूध मीच घालतो डेअरीला. मग फॅट किती लागते? तिथून तो मुलगा बदलला. उन्हाळ्यात ओला चारा संपला, पेंड वाढवली, तरी फॅट साडेतीनच्या खाली येऊ लागली आणि दर तुटायला लागला. वडील डेअरीवाल्यावर चिडले. यानं काय केलं? एकेका गाईचं दूध वेगळ्या बाटलीत नेऊन तपासून घेतलं. दोनच गाईंची फॅट खाली होती. त्या दोघींची पेंड कमी केली, कडब्याची कुट्टी वाढवली आणि रोज आकडा वहीत लिहिला. आठ-दहा दिवसांत फॅट वर आली.

मंडळी, क्वालिटी विभागात दुसरं काय करायचं असतं? नमुने वेगळे काढायचे, दोष कुठं आहे ते शोधायचं, एक गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची. हे सगळं त्यानं गोठ्यात केलं होतं आणि आम्हाला सांगत होता की अनुभव नाही. त्याला शाळेनं, कॉलेजनं, कुणीच सांगितलं नव्हतं की घरचं काम हे काम असतं. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटल्यावर पाण्याच्या पाळ्या कोण लावतं? लिंबाची तोडणी झाल्यावर पट्टी कोण तपासतं? ऊस गेल्यावर काट्याच्या पावत्या कोण जुळवतं? बचत गटाचा हिशेब कोणाची लेक लिहिते? ते सांगा. आकड्यासकट सांगा. काय अडचण आली, तुम्ही स्वतः काय केलं, पुढं काय झालं, या क्रमानं सांगा. हीच मुलाखतीची तयारी. आज घरी जाऊन अशा चार गोष्टी कागदावर उतरवा आणि घरातल्या कुणापुढं तरी मोठ्यानं बोलून बघा. मनात नीट वाटणारं वाक्य तोंडातून बाहेर पडताना अडतं, ते तिथं नको, इथं अडू द्या.

इंग्रजीची भीती आहे, मला माहीत आहे. राज्यसेवेची मुलाखत मराठीतून देता येते; मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल तर दिल्लीची मुलाखतही मराठीतून देता येते. कंपनीत कामापुरतं इंग्रजी शिकावंच लागेल, यंत्राचे भाग, रिपोर्ट, मेल. तेवढं सहा महिन्यांत होतं. पण जी गोष्ट मराठीतही सरळ सांगता येत नाही ती इंग्रजीत सांगता येणार नाही, म्हणून सुरुवात मराठीपासून करा. आणि येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडं पडतं.

बाजारातल्या बैलात आणि तुमच्यात एक फार मोठा फरक आहे. तुम्हालाही विचारता येतं. विचारा. मी कंपनीच्या पगारपत्रकावर असेन की ठेकेदाराच्या? हातात किती आणि कागदावर किती? पीएफ कापणार का, ईएसआयसी आहे का? पाळ्या कशा, बस कुठून सुटते? हे विचारलं म्हणून चांगला मालक नोकरी नाकारत नाही. मुलींनी तर हे विचारलंच पाहिजे, आणि रात्रीच्या पाळीला घरी सोडायची सोय कोणती तेही. ‘लग्न कधी करणार’ असं मुलीला विचारतात, अजून विचारतात. त्याचा कामाशी संबंध नाही. ‘काम मी मन लावून करीन, त्याबद्दल विचारा’ एवढं शांतपणे सांगून पुढं जावं. बापांनी आणि भावांनी मात्र त्या मुलीला पहिल्या दिवशी कंपनीच्या गेटपर्यंत सोडायला जावं. तिथली माणसं, रस्ता, बस डोळ्यांनी बघितली की घरातला अर्धा विरोध मावळतो.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस, मग तो साहेबाचा खास असो, नात्यातला असो, की ‘रेल्वेत माझी ओळख आहे’ म्हणणारा असो, त्याला एक रुपया देऊ नका. जमीन गहाण टाकून, दागिने मोडून दिलेले पैसे बुडालेली घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत पैसा तर जातोच, पोराची उमेदीची वर्षंही जातात आणि शरमेपोटी कुणी तक्रार करत नाही. तक्रार करा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी जरूर द्यावी. पण सुरू करतानाच वर्षं ठरवा, घरच्यांना सांगा आणि त्या वर्षांत हाताला एखादं दुसरं कामही येऊ द्या.

आणि आता या सभेत बसलेल्या नोकरदार मंडळींना माझी विनंती आहे. रांजणगावला, कुरकुंभला, दौंडला, पुण्याला रोज जाणारी, बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात काम करणारी कितीतरी माणसं या गावात आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येकानं दहावी-बारावीच्या दोन मुलांना तासभर समोर बसवावं. आपलं काम खरं कसं आहे, पगार किती, त्रास कोणता, आत कसं शिरलो, हे न लपवता सांगावं. आयोजकांकडं एक वही ठेवली आहे. जाताना तीत आपलं नाव, कामाचं ठिकाण आणि मोकळा वार लिहून जा. मुलांनो, उद्या सकाळी ती वही बघायला या.