हांकेचें मोल

अजिंठ्याच्या डोंगराजवळ वसलेल्या सोयगांव तालुक्यांत एखाद्या शेतकऱ्याच्या कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली, तर त्यास दोन गोष्टींची निकड भासते: सल्ला जाणत्याचा हवा, आणि तो वेळेवर हवा. याच गरजेसाठीं केंद्र सरकारनें २१ जानेवारी २००४ रोजीं किसान कॉल सेंटर सुरू केलें. १८००-१८०-१५५१ हा त्याचा क्रमांक. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत तेथें शेतकऱ्यास आपल्या भाषेंत उत्तर मिळूं शकतें.

या क्रमांकाचें सारें मर्म आरंभींच्या चार अंकांत आहे. १८०० नें सुरू होणाऱ्या क्रमांकावर बोलणाऱ्यास आकार पडत नाहीं. तो क्रमांक घेणारी संस्था भरते. १८६० नें सुरू होणाऱ्या क्रमांकावर मात्र स्थानिक संभाषणाचा आकार बोलणाऱ्याच्या माथीं बसतो. फरक एका अंकाचा, परंतु भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

२००४ सालीं हा भार लहान नव्हता. परगांवीं बोलण्याचे दर अंतराप्रमाणें चढत असत. देशांत कोठेंही मिनिटास एक रुपया, ही योजना सरकारी दूरसंचार कंपन्यांनीं १ मार्च २००६ पासून आणली. तोंपर्यंत दूरच्या तज्ज्ञास प्रश्न विचारणें म्हणजे घड्याळाकडे पाहत बोलणें होतें.

श्रीमंत देशही या प्रश्नांतून सुटले नाहींत. ब्रिटनमध्यें अनेक सरकारी खात्यांचे क्रमांक ०८४ नें सुरू होत. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, २०१२-१३ या एका वर्षांत अशा महाग क्रमांकांवर नागरिकांचे सुमारें ५ कोटी ६० लक्ष पौंड खर्च झाले. ताटकळण्याचा वेळही त्यांतच मोजला गेला. पुढें खातीं ०३ नें सुरू होणाऱ्या स्वस्त क्रमांकांकडे वळलीं. परंतु स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. मोबाइलवर थोडे थोडे पैसे भरून बोलणाऱ्या गरिबास तोही आकार जड जाई. म्हणून २०१७ सालीं युनिव्हर्सल क्रेडिट या निर्वाहसाहाय्याचा मदतक्रमांक निःशुल्क करण्याचें सरकारनें जाहीर केलें.

आज आपल्याकडे ठराविक रकमेंत अमर्याद बोलण्याच्या योजना आहेत. तेव्हां हा वाद शिळा झाला, असें कोणी म्हणेल. परंतु महिनाभराची रक्कम एकदम भरणें प्रत्येक घरास साधत नाहीं. शिवाय यांत न्यायाचा मुद्दा आहे. ताटकळण्याचा खर्च नागरिकानें सोसावयाचा असेल, तर उत्तर लवकर देण्याची घाई कोणास वाटणार? तोच खर्च कार्यालयाच्या खात्यावर पडूं लागला, म्हणजे प्रत्येक मिनिटाचा हिशेब तेथें ठेवावा लागतो.

निःशुल्क क्रमांकानें अळी मरत नाहीं; त्यासाठीं पलीकडे जाणता माणूस बसलेला असावा लागतो. परंतु अडचणींतील माणसाची हांक ऐकणें हें राज्याचें कर्तव्य असेल, तर त्या हांकेचें मोलही राज्यानेंच द्यावें, हें उचित होय.