शिक्षा म्हणून नमाज नको
(वज्रेश्वरी येथील युवा शिबिरातील भाषण)

अकलोलीच्या गरम कुंडांवर जायची तुम्हाला घाई आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

तुमच्यापैकी काहीजण बालगृहांत, वसतिगृहांत काम करता. चौदा-पंधरा वर्षांची पोरं भांडतात बादलीवरून, चार्जरवरून, आणि सगळ्यात जास्त चिडवायच्या नावांवरून. मग वॉर्डन म्हणतात, ‘जा, वीस रकात नफल पढ.’ याला मी दीनी शिस्त म्हणत नाही. पोरगा नमाजवरच राग धरतो.

सूरह हुजुरात वाचा. भांडणाऱ्या दोन गटांत समेट करा, पण न्यायाने, असं ती सांगते; लगेच पुढे टोपणनावांनी हिणवायलाही मनाई करते. म्हणून आधी दोघांचं वेगवेगळं ऐका. लहानग्याला ‘गळाभेट घे, विसरून जा’ म्हणून गप्प बसवणं म्हणजे सुलह नव्हे. हदीसनुसार अबोला तीन दिवसांपलीकडे नको. म्हणजे राग निवायला तीन दिवस आहेत. त्याच रात्री जबरदस्ती कशाला?

बालगृहात मुलाला मारणं तर गुन्हाच आहे: बालन्याय कायदा २०१५, कलम ८२. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांची समितीही सांगितली आहे. शूरा म्हणजे तरी दुसरं काय? भांडणं तिच्यासमोर येऊ द्या. तक्रार वॉर्डनविरुद्ध असली, तरीसुद्धा.