धिक्काराने दारू सुटत नाही

(हदगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बातम्या लिहिणारा माणूस. अशा माणसाने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या विषयावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर माझ्याच एका जुन्या बातमीत आहे. आपल्या मराठवाड्यातील एका शेतकऱ्याने आपले जीवन संपविले. मी गावात गेलो, पारावर दोन-चार जणांशी बोललो आणि लिहिले, 'व्यसनाधीनतेतून आत्महत्या'. काही महिन्यांनी त्याची पत्नी भेटली. तिने भांडण केले नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, आधी दोन वर्षं त्यांना झोपच नव्हती. दारू मागून आली. ते तुम्ही कुणाला विचारलंच नाही."

त्या एका वाक्याने मला या विषयाकडे आणले. दारू हा पुष्कळदा रोगाचा शेवटचा मुक्काम असतो. सुरुवात अन्यत्र झालेली असते. आपण मात्र शेवटच्या मुक्कामावर उभे राहून माणसाचा धिक्कार करतो.

देशातील स्थिती काय आहे? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेले व्यसनविषयक सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला काही ना काही उपचार मिळाले, असे त्यात आढळले. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्या गल्लीत आहेत, आपल्या भावकीत आहेत. प्रत्येक गावाला मनोविकारतज्ज्ञ मिळेल, अशी अपेक्षा नजीकच्या काळात कोणी करू नये. मग या लोकांनी वाट पाहायची कुणाची?

या प्रश्नावर आपल्याच भूमीत एक महत्त्वाचे संशोधन झाले आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दोन प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशक कोण होते? डॉक्टर नव्हेत, परिचारिकाही नव्हेत. स्थानिक समाजातील सामान्य शिक्षण झालेल्या व्यक्तींना निवडून प्रशिक्षण देण्यात आले होते. तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका करीत. थांबलेले दैनंदिन जीवन छोट्या-छोट्या कृतींतून पुन्हा सुरू करायचे, ही त्यांची रीत. तीन महिन्यांनंतर या बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते.

दुसरा प्रयोग अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झाला. येथे जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशक उपदेश करीत नसे. दारूमुळे काय गमावले आणि काय परत हवे आहे, हे तो त्या माणसाच्याच तोंडून वदवून घेई. तीन महिन्यांनंतर आधीच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्शही न केलेले ४२ टक्के निघाले. ज्यांना या बैठका मिळाल्या नव्हत्या त्यांच्यात १८ टक्के. संशोधकांनी उणी बाजूही लपविली नाही. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचे प्रमाण घटले नाही आणि पत्नीला होणाऱ्या मारहाणीतही फरक दिसला नाही. त्या भगिनीच्या रक्षणाचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

कोणी म्हणेल, गोवा दूर आहे. मग आपली पैनगंगा ओलांडून विदर्भात जा. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. तोच कापूस, तेच सोयाबीन, तेच पावसाचे लहरीपण. तेथे गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे. त्यामुळे सारे श्रेय प्रकल्पालाच द्यावे की नाही, याबद्दल शास्त्रज्ञ सावध राहतात. तरीही दार ठोठावणारा आपला माणूस असेल, तर दार उघडते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

हे आपल्या परंपरेला अपरिचित आहे का? भगवद्गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. त्यात श्रीकृष्ण जवळजवळ ऐकतच राहतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते अर्जुनाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतात. परिणाम काय होतो? लढणार नाही, असे सांगून अर्जुन गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंतांची निर्भर्त्सनाही पुरी पडली नाही! त्यानंतर संवाद सुरू होतो, शंका विचारल्या जातात, उत्तरे दिली जातात आणि मगच अर्जुन उठतो. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मांडलेल्या एकात्म मानवदर्शनातही शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्र विचार आहे. शरीराच्या तापासाठी आपण दवाखान्यात जातो आणि मनाच्या तापाला नाटक म्हणतो. ही फाळणी आपल्या विचाराची नव्हे.

सेवाकार्य करणाऱ्या आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. केवळ तळमळ पुरेशी नसते. गोव्यातील समुपदेशक आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांना ऐकवीत आणि चुका दुरुस्त करीत. आपले काम तपासून घेण्याची ही शिस्त सेवेतही हवी. आणि आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद केली, तर कापरे, फेफरे आणि भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. अशा माणसाला शपथ घालू नका, प्रथम रुग्णालयात न्या. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचट यांच्यासह १९८६ मध्ये उभारलेल्या 'मुक्तांगण'ने वैद्यकीय उपचार आणि आपुलकी यांची सांगड कशी घालावी, हे महाराष्ट्राला दाखविले आहे. मनाचा भार असह्य झाला, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक गावाच्या फलकावर लिहिला जावा.

त्या भगिनीने मला विचारलेला प्रश्न आज मी आपल्या स्वाधीन करतो. आपल्या गल्लीत कोणाला झोप लागत नाही, कोण पारावर यायचे थांबले, कोण शेताकडे फिरकत नाही, हे डॉक्टरला कळणार नाही. ते शेजाऱ्याला कळते. त्याने वेळेवर विचारले पाहिजे.