टाकीतलं पाणी



मी दिल्लीत मुनिरक्याला भाड्याने राहतो. मागच्या महिन्यात आमच्या फ्लशची टाकी रात्रभर वाहत होती. रूममेट म्हणाला, "जमादाराला बोलाव." इकडे सफाई कामगाराला जमादार म्हणतात. नळदुरुस्तीशी त्याचा काय संबंध? पण संडास म्हटलं की शिकलेल्यालाही आधी जात आठवते. हाताने मैला उचलायला लावणं बंद करणारा कायदा २०१३ चा; गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्ट २०२३ मध्ये सांगत होतं.

मीच झाकण उचललं. आत नळाचंच स्वच्छ पाणी. थोडी निळी शाई टाकली आणि फ्लश न करता थांबलो. भांड्यात निळं उतरलं, म्हणजे तळाचं रबरी वॉशर गेलेलं. (पाणी मधल्या उभ्या नळीतून सांडत असेल, तर फ्लोट खाली करायचा.) कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, जुनं वॉशर दुकानात दाखवून त्याच मापाचं आणून बसवलं. आवाज थांबला.

रूममेट दारातूनच बघत होता. "आता अंघोळ कर," म्हणाला.

माझी आजी नगरपालिकेत झाडूवाली होती, हे मी त्याला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.