विद्यार्थी, संघटन आणि वैद्यकसेवा

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण)

 

आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांत बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेले विद्यार्थी आहेत. पुढे डॉक्टर व्हावे अशी त्यांची मनीषा आहे आणि महाविद्यालयात विद्यार्थी संघटनेचे कामही त्यांना करावयाचे आहे. पालक म्हणतात, "आधी शिकून घे, चळवळ नंतर कर." ह्या म्हणण्यामागे काळजी आहे. एक वर्ष वाया गेले तर शिष्यवृत्ती अडकते, घरचे गणित कोलमडते. तेव्हा ह्या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम ही विद्याशाखा समजून घेऊ. पेसमेकर, डायलिसिसचे यंत्र, नवजात बालकाची काचपेटी, कृत्रिम पाय, ही सारी तिचीच क्षेत्रे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसले. आधीचे नमुने फसले, तरी त्यांनी हृदयाची भारतीय कृत्रिम झडप तयार केली. डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. मात्र एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश बारावीच्या जीवशास्त्रासह नीट परीक्षेतून होतो. इंजिनिअरिंगची पदवी घेतली म्हणून त्यातले एकही वर्ष वाचत नाही. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण अशी रीत आहे. म्हणून तेथे इंजिनिअर होऊन डॉक्टर होणारे पुष्कळ आढळतात.

त्यांपैकी एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकीकत मी आपणांपुढे ठेवतो. डॉ. मे जेमिसन यांचा जन्म 1956 साली अलाबामा राज्यात झाला आणि त्या शिकागो शहरात वाढल्या. वडील इमारतींच्या देखभालीच्या कामावर होते, आई शाळेत शिक्षिका. सोळाव्या वर्षी, 1973 साली, त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. वर्गात काळे चेहरे मोजकेच होते आणि काही प्राध्यापक त्यांच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करीत. अशा ठिकाणी ह्या मुलीने कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेचे नेतृत्व केले. नृत्यनाट्येही बसविली. 1977 साली इंजिनिअरिंगची पदवी घेतलीच, त्याबरोबर आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकन अभ्यासाचा पाठ्यक्रमही पूर्ण केला.

ही संघटना काय होती? एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी ह्या संघटनेच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या सभेत ध्वनिक्षेपक हाती घेऊन आपल्या मागण्या मांडल्या. आफ्रो-अमेरिकन अभ्यासाचा पाठ्यक्रम तेथे 1969 साली सुरू झाला. म्हणजे आधीच्या पिढीने संघटित होऊन जी वाट मोकळी केली, तिच्यावरून मे जेमिसन चालल्या. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले होते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

पुढे 1981 साली कॉर्नेल विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. शिकत असतानाच थायलंडमधील कंबोडियन निर्वासितांच्या छावणीत त्यांनी सेवा केली. 1983 ते 1985 ह्या काळात सिएरा लिओन व लायबेरिया येथे त्या वैद्यकीय अधिकारी होत्या. तेथे एका स्वयंसेवकाला मलेरिया असल्याचे निदान झाले होते. जेमिसन यांना मेंदूज्वराची शंका आली. त्यांनी रुग्णाला हलविण्यासाठी लष्करी विमान मागविले. तुम्हांला हा अधिकार आहे काय, असा प्रश्न आला. तरुण डॉक्टर मागे हटल्या नाहीत आणि रुग्ण वाचला. 12 सप्टेंबर 1992 रोजी त्या अंतराळात गेल्या. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. तेथेही हाडांच्या पेशींवरील प्रयोगात त्यांचा सहभाग होता.

मित्रहो, रोगाचे निदान पुस्तकातून शिकता येते. पण वरिष्ठांपुढे ठाम उभे राहण्याचे बळ कोठून येते? माझ्या मते ते चार माणसांची जबाबदारी उचलल्याने येते, आणि ती सवय विद्यार्थिदशेतच लागते.

परंतु नेतृत्व म्हणजे फलकावर फोटो आणि जयंतीची वर्गणी एवढेच नव्हे. खेड्यातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला गेला काय, जात पडताळणीचे प्रमाणपत्र मिळाले काय, वसतिगृहात कोणी खचून तर गेले नाही ना, हे पाहणे म्हणजे नेतृत्व. आणि स्वतः नापास होणाऱ्या पुढाऱ्याचे कोण ऐकणार? आधी प्रयोगशाळा आणि ग्रंथालय, मग सभा. हा क्रम विद्यार्थ्यांनी पाळावा, म्हणजे पालकांनीही त्यांना अडवू नये.

विनयपिटकातील एक प्रसंग आपण जाणता. एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः स्नान घातले, मंचकावर निजविले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र बोलावून जाब विचारला आणि एकमेकांची शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य ठरवून दिले. रुग्णसेवा आणि संघटन यांची भगवंतांनी तेथेच सांगड घातली. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतही शिक्षण आणि संघटन शेजारी शेजारीच आहेत.

म्हणून समाजबांधवांना माझी विनंती आहे की, मुलांना संघटनेपासून तोडू नका. त्यांच्या गुणपत्रिकेवर लक्ष ठेवा आणि पाठीवर हातही ठेवा. विद्यार्थ्यांनो, आपण यंत्र घडवा किंवा रुग्ण तपासा, पण आपल्यामागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवा. आपणा सर्वांना मंगल कामना देऊन मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!