पांढरे पापड फोटोत राखाडी का दिसतात?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आपल्या एका गटाने तांदळाच्या पापडाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. शहरातल्या एका ताईंनी विचारलं, "पापड जुने आहेत का? काळपट दिसतात." पापड तर ताजे होते! ऑर्डर मात्र गेली. म्हणून आज उजेडाबद्दल बोलू.

फोटो म्हणजे नळाखाली कळशी भरणं समजा. तोटी किती उघडली, ते लेन्सचं भोक, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. किती वेळ उघडी ठेवली, ते शटर. १/६० सेकंदाऐवजी १/३० सेकंद उघडं राहिलं की उजेड दुप्पट आत येतो. कळशी उतू गेली तर फोटो पांढराफट्ट, अर्धीच भरली तर काळा. तिसरा आहे आयएसओ. तो सभेतल्या भोंग्यासारखा. आवाज वाढवला की बोलणं मोठं होतं, पण खरखरही वाढते. आयएसओ फार चढला की फोटो रवाळ दिसतो.

आपल्या बहुतेक मोबाईलची तोटी एकाच मापाची असते. मग फोन वेळ आणि आयएसओ यांच्यावर भागवतो. संध्याकाळी चुलीजवळ शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात हात हलला की शेवया धूसर. कोपर भिंतीला टेकवा नाहीतर दारात उजेडाला या.

आता पापडाचं. फोनला पापड ओळखू येत नाही. समोरचं सगळं मध्यम रंगाचं असावं, असं तो धरून चालतो. पांढऱ्या चादरीवर पांढरे पापड दिसले की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो मंद करतो. काळ्या म्हशीचं उलट होतं. फ्रेमभर म्हैस असेल तर ती भुरकट येते.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर पापडावर बोट टेकवा. बऱ्याच फोनवर छोटा सूर्य दिसतो, तो हळूच वर सरकवा. म्हशीसाठी खाली. पण हावरटपणा नको. पापडावरचे फोड दिसेनासे झाले की थांबा, थोडं मागे या. जळून पांढरं झालेलं परत आणता येत नाही, थोडं काळपट असेल तर नंतर उजळता येतं.

रजिस्टरच्या पानालाही हेच लागू. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, आपली सावली पानावर नको. कर्जाच्या कागदावरचा आकडा वाचता आला नाही तर फेरी आपलीच वाढते. आणि साहेब आले की आपण खिडकीसमोर बॅनर लावून उभ्या राहतो ना, तिथेच सगळ्यांचे चेहरे काळे होतात! खिडकी फोटो काढणारीच्या पाठीशी हवी.

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या काळात कॅमेरा आपोआप काही ठरवत नसे. भोक, वेळ, फिल्म, सगळं स्वतःच ठरवायचं. आपल्याकडे निदान तो सूर्य तरी आहे.

पुढच्या सभेला मोबाईल चार्ज करून आणा. एकाच वस्तूचे तीन फोटो काढा: सूर्य खाली, मध्ये, वर. कोणता पाठवायचा ते सगळ्या मिळून ठरवू.