परवान्याचं पुस्तक कोणाकडे?



पर्यावरणाचा कायदा म्हटला की आपल्याला आधी मनाई आठवते. झाड तोडू नका, नदीत घाण सोडू नका. राखणदार सरकार आणि नागरिक एक तर आरोपी, नाहीतर तक्रारदार. १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. चांगलंच झालं. पण हा हक्क बहुतेक वेळा कामी येतो तो नासधूस झाल्यावर, कोर्टाच्या दारात. रोजचा कारभार कोणी पाहायचा?

त्यासाठी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावात जावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवलं होतं. मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी पुन्हा चर्चा. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडायला मग कोणी धजत नाही.

हक्काचा कागद हाती आला, तरी गावाचा बांबू विकता येईना. नवा कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचं, म्हणत होता. वनखातं मात्र १९२७ च्या कायद्यावर बोट ठेवून त्याला झाडातच मोजत होतं. शिवाय वाहतुकीचा परवाना खात्याचा, त्यामुळे बांबू गावाबाहेर नेला की गुन्हा. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. माझ्या मते हक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो त्या दिवशी. मालकी गावाची आणि सही साहेबाची, याला हक्क म्हणत नाहीत.

वनहक्क कायद्याचंच कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार देतं. गायरान आणि तळी यांच्यासाठी मात्र असा भक्कम कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा.

तुमचं गाव जंगलाला लागून असेल, तर वनहक्काच्या सामूहिक दाव्याचं काय झालं, हे येत्या ग्रामसभेत विचारा. दावा केलाच नसेल, तर आता करा. जुनं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद, नसलं तरी अडू नका. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही या कायद्याखालच्या नियम १३ प्रमाणे पुरावा म्हणून चालतात.